हॉलंडच्या घराला शेळगावचा पैसा

शेळगावात कुणाच्या हातात मोठा पैसा आला की तो कुठं जाणार, हे पारावरची माणसं आधीच सांगून मोकळी होतात. एक तर बोअर, नाहीतर बंगला, नाहीतर पोराला बुलेट. रस्त्याच्या रुंदीकरणात झुंबररावांची सव्वा एकर गेली आणि त्यांच्या माघारी त्यांच्या बायकोच्या, प्रयागबाईच्या खात्यावर मोबदला पडला, तेव्हाही सगळ्यांनी असेच अंदाज बांधले. साफ चुकले सगळे. तो पैसा निघाला थेट हॉलंडला. प्रयागबाईच्या लेकाला तिकडं घर घ्यायचं होतं आणि पंचावन्न लाख कमी पडत होते.

पंचावन्न लाख! ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होऊन जायचा. पण खरं सांगायचं तर प्रयागबाईला पैशाचं दुःख नव्हतं. जमीन गेली तेव्हाच ती काय ते रडून बसली होती. तिची भीती निराळी होती. भाड्यानं राहणारा माणूस कधी ना कधी माघारी येतो. घर घेतलेला येत नाही. हे कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही. पैसा गेला म्हणजे पोरगा गेला, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ तिला लागत होता.

बाई मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची. कालव्याच्या पाण्यावर वाढलेली, उसाच्या गावची लेक. सतराव्या वर्षी लग्न होऊन शेळगावात आली आणि सासरचा माळ बघून तिनं कपाळाला हात लावला. पण चिवट मोठी. झुंबररावांनी शेततळं खणलं, ठिबक केलं, आणि हिनं पेरूची बाग अशी वाढवली की इंदापूरचे व्यापारी बांधावर येऊन भाव करायला लागले. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी घालायची आणि वरून पिशवी चढवायची, एकेक फळाला. हे काम मजुरीच्या बायका करतात, पण मालकीण त्यांच्या एक ओळ पुढं असायची. अजून असते, एकसष्टाव्या वर्षी. मागं रेंगाळणारीला म्हणते, "का गं, पेरूला अंगाई म्हणतीस व्हय?"

झुंबरराव जाऊन सात वर्षं झाली. पदरात एकच लेक, दिग्विजय. बारामतीत शेतकी शिकला आणि काचेच्या घरातली शेती शिकायला दोन वर्षांसाठी हॉलंडला गेला. दोन वर्षांसाठी बरं का! त्याला आता अकरा वर्षं झाली. तिथंच नोकरी लागली, सुप्याची सुप्रिया बायको म्हणून गेली, तिथंच लेक झाली, संस्कृती. दर डिसेंबरात तिघं अठरा दिवस यायची. जाताना गाडीत बसता बसता दिग्विजय म्हणायचा, "आई, पुढच्या वर्षी बघू. कायमचं यायचं बघू." आणि गाडी वळली की प्रयागबाई पुढचं वर्ष मोजायला घ्यायची.

डिसेंबरातल्या उन्हानंही नातीच्या अंगावर पुरळ उठलं, तर बाईनं माडीवरच्या खोलीत एसी बसवला. अठरा दिवसांसाठी एसी! उरलेलं वर्ष खोलीला कुलूप. गावातल्या बायका हसायच्या. हसू देत. बाई आपली मनातल्या मनात मांडे भाजत बसायची: पोरगा येईल, बागेतच पॅकिंगची शेड घालेल, नात झेडपीच्या शाळेत नको तर बारामतीच्या इंग्रजी शाळेत जाईल, दारातून पिवळी बस नेईल. बसच्या वेळासुद्धा तिनं चौकशी करून ठेवल्या होत्या.

फेब्रुवारीत एका दुपारी फोनवर घर दिसलं. विटांचं, उंच, चिंचोळं, दोन्ही अंगांनी शेजाऱ्याला चिकटलेलं. मागं खाटेएवढी बाग. जिना असा उभा की माळ्यावर चढायची शिडी बरी.

"आई, बयाणा दिलाय. बाकीचं कर्ज हितली बँक देती. पण पंचावन्न लाख आपल्याला घालायला लागत्यात. सत्तावीस मार्चला सह्या हायती." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुला जमंल का?"

"न जमायला काय झालं? तुझंच हाय ते," प्रयागबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ. फोन ठेवला आणि त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

परदेशी पैसे पाठवायचं काम इंदापुरात होत नाही, त्यासाठी बारामतीची शाखा गाठायची, असं कळलं. बरोबर अकबरभाई बागवान निघाले. वीस वर्षं तिचा पेरू तेच उचलतात. व्यवहाराला कडक, पण माणूस जिवाला जीव देणारा. गाडी लासुर्ण्याच्या पुढं गेली तरी प्रयागबाई खिडकीबाहेरच बघत होती, तेव्हा त्यांनीच तोंड उघडलं.

"काय उलटा जमाना आला, आक्का. आमच्या भावकीत पाच पोरं मस्कतला हायती. पैसा तिकडनं हिकडं येतो. हिकडनं तिकडं पैसा धाडणाऱ्या तुमी पहिल्याच बघितल्या."

"मग? बागाईतदारीण हाय मी," प्रयागबाई म्हणाली, आणि दोघंही हसली. 

बँकेत हे टेबल बघायला प्रगती नावाची एक पोरगी होती. चुणचुणीत, सगळं समजावून सांगणारी. तिनं फॉर्म पुढं ओढला. सरकार वरून नऊ लाख अडकवून ठेवेल, ते पुढं रिटर्न भरल्यावर परत मिळतील, असं तिनं आधीच सांगितलं.

"परत येणार हायती न्हवं? मग त्याचं काय न्हाय," प्रयागबाई म्हणाली. "परत येणाऱ्याचं मला कधीच दुःख न्हाय."

"बरं, काकू, पैसे कशासाठी पाठवताय ते लिहायचंय."

"लेकाला."

"लेकाला, पण कशासाठी?"

"आता लेकाला कशासाठी देत्यात गं? पोसायला!"

प्रगतीला हसू आलं. "काकू, तसा रकाना आहे खरा. जवळच्या नातेवाइकाच्या पालनपोषणासाठी. पण तुमचा मुलगा छत्तीस वर्षांचा, नोकरीवाला. आणि पैसे चाललेत घराला. तिथं पोसणं कसं चालेल? तुम्ही बक्षीस म्हणून द्या ना. मुलानं तसं पत्र पाठवलं असेल."

पत्र आलं होतं. फोनमध्ये चार दिवस पडून होतं. प्रयागबाईनं ते छापून आणलंच नव्हतं.

"बक्षीस?" ती कडाडली. "बक्षीस कुस्ती मारणाऱ्याला देत्यात. पोटच्या पोराला कोण बक्षीस देतं? एकदा बक्षीस दिलं म्हंजी तू तिकडं, मी हिकडं, संपला विषय!"

"मग दुसरा एकच मार्ग राहतो. तुम्ही स्वतः तिकडं घर घेताय, मुलाबरोबर. दोघांच्या नावावर. कायद्यानं घेता येतं."

प्रयागबाई खुर्चीत सरळ झाली. "माझं नाव लागंल त्या घराला?"

हे नाव काय चीज आहे, ते तिला विचारावं. झुंबररावांनी घर बांधलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावली होती. ते गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी दीर वाटणीचं बोलणं घेऊन ओसरीवर येऊन बसला. प्रयागबाईनं आतून उतारा आणला आणि एक शब्द न बोलता त्याच्या मांडीवर ठेवला. दीर चहा पिऊन गेला, तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. तेव्हापासून तिचा देवावर जेवढा विश्वास, त्याहून बोटभर जास्त उताऱ्यावर. नाव असलं की घरातून आपल्याला कुणी हलवत नाही, आणि आपल्याला विचारल्याशिवाय ते घर कुणी पुढं नेत नाही. लेकाच्या आणि आपल्या मधे एवढा समुद्र. त्याच्या पलीकडं आपलं नाव तरी राहील, असं तिच्या मनानं घेतलं.

"करारात तुमचं नाव दिसत नाही, काकू," प्रगती कागद चाळत म्हणाली. "मुलाला विचारलंय ना?"

"विचारायचं काय त्यात? आधी खरेदी हुती, मग फेरफार, मग नाव चढतं. आमच्यात असंच असतं."

आपण लेकाबरोबर घर घेतोय, असं तिनं लिहूनही दिलं, आणि सही ठोकली. अकबरभाईंनी डोकं खाजवलं. "आक्का, पोराला एक फोन टाकला असता." पण आक्का ऐकते थोडीच! येताना तिनं बारामतीच्या भिगवण चौकात थांबून नातीसाठी परकर-पोलक्याचं कापड घेतलं. हॉलंडातल्या आपल्या घरात आपण कुठं बसू, याचा विचार करत ती घरी आली. किती दिवसांनी त्या रात्री तिला डोळा लागला.

पैसा चौथ्या दिवशी पोचला. तिकडं घराचा पैसा दस्त करणाऱ्या नोटरीच्या खात्यात पडतो. सातव्या दिवशी दिग्विजयचा फोन आला, आणि त्याचा आवाज ऐकूनच बाई उठून उभी राहिली.

"आई, काय लिहून दिलंस बँकेत?"

"का? काय झालं?"

"नोटरी म्हणतो, ही बाई कोण? हिच्या नावावर घर घ्यायचंय तर करारात नाव कुठंय? कर्जात कुठंय? तुझं नाव घातलं तर बँक कर्ज देत न्हाय आई. आन् न्हाय घातलं तर नोटरी पैसा माघारी पाठवणार हाय." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. "ते बक्षिसाचं पत्र सही करून दे. बँकेतनं दुरुस्ती करून घे. पंचवीसच्या आत. न्हायतर घर दुसऱ्याला जातंय, वर बयाणाही बुडतोय."

"नावाला काय हुतंय एवढं? आई हाय मी तुझी."

"मला म्हायती हाय गं. त्यांना कसं सांगू?"

फोन ठेवला आणि प्रयागबाई तिथंच उंबऱ्यात टेकली. आधी वाईट वाटलं. चूक आपली, पोराचा जीव टांगणीला लागला. पण मग हळूच दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आता तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. तारीख टळेल, पैसा माघारी येईल, घर जाईल. आणि घर गेलं की काय उरतं? भाड्याची खोली. भाड्यानं राहणारा माणूस माघारी येतो. बयाणा बुडला तर बुडू दे, आपण भरून देऊ. बारामतीत त्याच पैशात मोठी जागा घेऊन देऊ. पोरगा दोन दिवस रुसेल. रुसलेली पोरं मनवायची कशी, ते तिला येत होतं.

वाईट आहे हे, हेही तिला कळत होतं. पण अकरा वर्षं वाट बघणाऱ्या आईला वाईट-बऱ्याचा हिशोब कुणी विचारू नये.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बँकेतला साहेब रजेवर हाय बाबा." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तोडणी चाललीय, बायका लावल्यात, कशी जाऊ?" चौथ्या दिवशी फोन वाजू दिला आणि मग म्हणाली, रेंज नव्हती. दिग्विजयनं सगळं खरं मानलं. तेच तिला जास्त लागलं. लहानपणी खिशात गोट्या लपवून खोटं बोलायचा, तर कानशिलं लाल व्हायची त्याची. आईवर मात्र त्याला कधी संशय येत नव्हता. एवढं असूनही पाचव्या दिवशी तिनं माडीवरची खोली उघडली, फरशी पुसली, गादीला ऊन दाखवलं. मार्चमध्ये! पाहुणे डिसेंबरात यायचे. झाडलोट करताना ती गुणगुणत होती म्हणे.

संध्याकाळी सुप्रियाचा फोन आला. एकटीचा. असं कधी व्हायचं नाही. या सुनेबद्दल प्रयागबाईचं मत सरळ होतं: कानामागून आली आणि तिखट झाली. पोराला तिकडं धरून ठेवलंय ते हिनंच. सुप्याच्या माळावरच्या पोरीला विमानाची चटक लागली, असं ती शेजारणीला सांगायची.

"आई, बँकेतलं कुणी रजेवर न्हाय," सुप्रिया म्हणाली. "मी फोन केला हुता. मॅडम म्हणल्या, काकू परत आल्याच न्हाईत."

प्रयागबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांना सांगितलं न्हाय मी. सांगणार बी न्हाय. पण आई, तुमाला वाटतंय घर न्हाय झालं तर आमी येऊ. खरं का न्हाय?"

"वाटलं तर काय चुकलं?" प्रयागबाई उसळली. "माझं घर हाय, बाग हाय, सगळं कुणासाठी केलं? तूच त्याला येऊ देत न्हाईस, मला काय कळत न्हाय व्हय?"

 मग सुप्रिया बोलली, तेव्हा तिचा आवाज भरलेला होता.

"दोन वर्षांमागं माझी आई आजारी पडली. मी ह्यांच्या पाया पडले, म्हणलं, चला माघारी. मला करमत न्हाय हितं. चार वाजता अंधार पडतो, बोलायला माणूस न्हाय. हे म्हणले, तू जा, चार महिने ऱ्हा, पण मी येणार न्हाय. आई, मी न्हाय धरून ठेवलं. त्यांनाच यायचं न्हाय. त्यांना हितलं काम आवडतं, हितलं सगळं आवडतं. तुमाला तोंडावर सांगता येत न्हाय, म्हणून दर साली पुढचं वर्ष सांगत्यात. आन् मग विमानात मान खाली घालून बसत्यात, जेवत न्हाईत. घर न्हाय झालं तर आमी भाड्यानं ऱ्हाऊ. पण येणार न्हाय आई. खरंच न्हाय येणार."

प्रयागबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. मारलं असतं कुणी तर ओरडता तरी आलं असतं. ज्या सुनेला इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती आपल्यासारखीच माघारी यायला तळमळतीय. आणि ज्याच्यासाठी गादीला ऊन दाखवलं, त्याला यायचंच नाही. आणि तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याला तिकडं बरं वाटतं, म्हणून. याची दाद कुठं मागायची?

"जेवलीस का?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हाय अजून."

"जेव मग. आन् रडू नगंस. पोरगी बघती." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ती रात्र तिनं माडीच्या जिन्यावर बसून काढली, आणि उजाडता उजाडता अकबरभाईंना निरोप धाडला.

दोघं पुन्हा बारामतीला निघाली. अकबरभाईंनी एकदाच विचारलं, "आक्का, बरं हाय ना?" आणि आक्का म्हणाली, "न्हाय." त्यांनी पुढं विचारलं नाही. वाटेत जंक्शन गावात गाडी थांबवून चहा घेतला, तो तिनं अर्धा टाकला.

प्रगतीनं पत्र काढून ठेवलं होतं. इंग्रजीत होतं. "काकू, सही करण्याआधी वाचून दाखवते," ती म्हणाली आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. मी अमुक अमुक, माझ्या मुलाला ही रक्कम देत आहे. ती मी परत मागणार नाही. या रकमेवर आणि तिच्यातून घेतलेल्या घरावर माझा कसलाही हक्क नाही, आणि पुढंही मी तो सांगणार नाही.

"थांब पोरी," प्रयागबाई म्हणाली. "ही तर हक्कसोड झाली."

"म्हणजे?"

"तुझं लग्न झालं न्हाय अजून, तुला नसंल म्हायती. बाप गेला की भाऊ बहिणीला तालुक्याला नेत्यात. बापाच्या जमिनीतला हक्क सोडला म्हणून सही घेत्यात, लुगडं नेसवत्यात आन् पेढा देत्यात. मी तिशीत केली. दोन भाऊ माझे, कोऱ्हाळ्याला. दोन एकर येत हुती माझ्या वाट्याला, कालव्याखालची. मी म्हणत हुते, का सोडू? आई म्हणली, प्रयागे, जमीन घेतलीस तर जमीन ऱ्हाईल आन् माहेर जाईल. सोडलीस तर दार उघडं ऱ्हाईल. मी सोडली."

"आणि? राहिलं का दार उघडं?" प्रगतीनं विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

"आई हुती तवर ऱ्हायलं," प्रयागबाई म्हणाली. "मग भावजयांचं राज्य आलं. आता नऊ वर्षं झाली कोऱ्हाळ्याला जाऊन. पण तरी सांगते, जमीन घेतली असती तर ती वर्षंबी मिळाली नसती. दिवाळीला चार दिवस जायची मी. चार दिवस कुणी मला उठ म्हणत नव्हतं."

अकबरभाई खिडकीकडं बघत बसले होते. प्रगतीनं पेन पुढं केलं. प्रयागबाईनं पदर सारखा केला, चष्मा लावला, आणि तीन ठिकाणी सही केली. सावकाश, एकेक अक्षर बसवून, जसं तालुक्याच्या कचेरीत केलं होतं तसं. आता तिला पक्कं ठाऊक होतं, सहीनंतर काय मिळतं आणि किती वर्षं मिळतं.

"आत्ताच पाठवते, काकू. आज एकोणीसच आहे, वेळेत पोचेल," प्रगती म्हणाली.

प्रयागबाईनं तिथूनच फोन लावला. तिकडं सकाळ होती. दिग्विजयनं पहिल्या रिंगला उचलला.

"केली सही. कागद येतोय तुला," ती म्हणाली.

"आई!" त्याचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला. "आई, तुला काय सांगू... आई, पुढच्या वर्षी मी..."

"दिग्विजय, ऐक माझं. आता ते म्हणायचं न्हाय."

"काय?"

"पुढच्या वर्षी येतो म्हणून. आजपासनं म्हणायचं न्हाय. मला कळलंय बाळा. तुला तिकडं बरं वाटतंय, तर ऱ्हा तिकडं. मी रागावले न्हाय. मी फक्त आता वाट बघणार न्हाय. लई दमले रं वाट बघून."

 छत्तीस वर्षांचा गडी पलीकडं हुंदका दाबत होता, ते ऐकू आलं. तिनं त्याला रडू दिलं. मग तो म्हणाला, "तू ये आई. खाली एक खोली हाय, जिना चढायला नगं. मी तिकीट काढतो. तू ये."

"येऊ की. किती दिस ऱ्हाता येतं तितं?"

तो अडखळला. "व्हिसावर... एका येळेला नव्वद दिस, आई. त्याच्यावर न्हाय ऱ्हाता येत. नियम हाय त्यांचा."

"नव्वद?" प्रयागबाई म्हणाली, आणि तिला हसूच आलं. "आरं, माहेरात बाईमाणसाला नव्वद दिस कोण ठिवून घेतं? लई झालं की."

तिनं फोन बंद केला, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली. मग भर दुपारी, माणसांनी भरलेल्या त्या बँकेत, प्रगती आणि अकबरभाईंच्या समोर, प्रयागबाई तोंडाला पदरही न लावता मोठ्यानं रडली.